ताईला विचारून सांगतो

अमेरिकेहून आलेल्या माणसाला लोक जे जे विचारतात, त्यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. धबधबा नाही, पुतळा नाही, आतषबाजी तर नाहीच. शेजारच्या सुनीताबाईंना हे काही पटेना. "मग दीड महिना केलंत काय तिथे?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मुलाच्या घरी पोळ्या केल्या आणि भावाचं घर आवरलं. पोळ्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भावाच्या घराबद्दल लिहिते.

शरद माझा धाकटा भाऊ. त्याच्या वयाची मुलं अमेरिकेला जाऊन इंजिनियर झाली. हा इतिहास शिकायला गेला, आणि तोही कुणाचा, तर मॉर्मन लोकांचा. येशूलाच मानणारा, पण अमेरिकेतच जन्मलेला हा पंथ. बाकीच्यांनी जागोजागी हुसकून लावलं म्हणून ही माणसं बैलगाड्या घेऊन, काही तर हातगाड्या ओढत, युटाच्या ओसाड मुलखात आली आणि तिथे त्यांनी गावं वसवली. "आपल्याकडे संतांचा दुष्काळ पडलाय का?" असं आमचे वडील विचारायचे. शरद नुसता हसायचा. पुढे तो तिथल्याच एका लहानशा कॉलेजात प्राध्यापक झाला, त्या लोकांबद्दल पुस्तकं लिहिली, लग्न केलं नाही, आणि गेल्या मार्चमध्ये एका सकाळी अंगणातला बर्फ काढता काढता गेला.

माझा व्हिसा तोवर झालेला नव्हता. निखिल, माझा मुलगा, ॲरिझोनात चँडलरला असतो. तो धावत गेला. मामाच्या अस्थी त्याने मित्राबरोबर सांगलीला पाठवल्या आणि मी त्या कृष्णेत सोडल्या. नदी तीच होती, जिच्यात मी त्याला पोहायला शिकवलं होतं. उरलं होतं त्याचं घर, कॉलेजातली खोली, आणि शेजारच्या लोइस नावाच्या बाईंचा निरोप. ताईंना एकदा घेऊन या, त्यांना काही विचारायचं आहे, असा.

चँडलर ते युटा

ऑक्टोबरच्या मध्यावर एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो. चँडलरला तेव्हाही पंखा लागत होता. फ्लॅगस्टाफच्या चढाला लागेपर्यंत ते हात वर केलेले उंच निवडुंग संपले आणि पाइनची झाडं सुरू झाली. पेज नावाच्या गावी धरणाजवळ थांबून आम्ही मेथीचे ठेपले खाल्ले. पलीकडे लाल दगडांचे डोंगर आणि मध्ये इतकं निळं पाणी, की ते खरं वाटेना. निखिल सारखा म्हणत होता, "आई, फोटो काढू ना, एकदा स्माइल कर." मी काही केलं नाही. शरदने मला हा रस्ता दाखवायचं बारा वेळा कबूल केलं होतं आणि बारा वेळा मीच नातवंडं, गुडघे, दिवाळी असं काहीतरी पुढे केलं होतं.

युटात शिरलं की गावं सारखी दिसू लागतात. रुंद सरळ रस्ते, गावाच्या मध्यभागी प्रार्थनाघर, घराघरापुढे फळझाडं. शरदच्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. गावाबाहेर टेकडीवर त्यांचं पांढरं देऊळ आहे. ते पाऊण तास आधीपासून दिसायला लागतं, आणि आपण कितीही गेलो तरी जवळ येत नाही.

आम्ही पोचलो ते तासभर उशिरा. ॲरिझोनाचे लोक उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत आणि युटाचे करतात, तीही थेट नोव्हेंबरपर्यंत, हे निखिल साफ विसरला होता. लोइस दारातच उभी होती. पांढरे आखूड केस, पायांत माळकामाचे बूट, वय ऐंशीच्या घरातलं. निखिल सॉरी सॉरी करत राहिला, पण तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. माझे दोन्ही हात धरून ती म्हणाली, "ताई." तिला ते माझं नावच वाटत होतं. मीही दुरुस्त केलं नाही, कारण त्या हाकेत शरदचा हेल होता.

जेवायला बटाट्याची एक चीज घातलेली खीस-भाजी होती, वर कुरकुरीत थर. कुणी गेलं की त्या घरी शेजारणी हीच भाजी करून नेतात, आपल्याकडे पिठलं-भात नेतात तशी. शरदकडेही मार्चमध्ये तिचे सात-आठ ट्रे आले होते, आणि खाणारा एकटा निखिल. "यात कोंबडीचं सूप घालतात," लोइस म्हणाली, "पण तुझ्या भावासाठी मी अळंब्यांचं घालायला लागले. आता तशीच सवय झाली."

जेवण झाल्यावर मला चहाची तलफ आली. पण हे लोक चहा-कॉफीला शिवत नाहीत, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसले. लोइस उठली, स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या कपाटातून तिने एक पत्र्याचा डबा काढला. पाणी उकळत ठेवलं, अंगठ्याच्या पेराएवढं आलं किसलं, पत्ती टाकली. मग खिडकीतली लाल मातीची कुंडी उचलून पातेल्याजवळ ठेवली आणि तिच्याकडे बघत बघत दूध ओतू लागली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"शरदने ठेवलीय. दूध या रंगाचं होईपर्यंत ओतायचं, म्हणाला. मला चव घेता येत नाही ना."

चहा माझ्या आईच्या हातचा होता. मी कप खाली ठेवला आणि त्या परक्या बाईसमोर, मुलासमोर, मोठ्याने रडले. मार्चपासून मला रडू आलं नव्हतं.  लोइसने गाळणं धुऊन जागच्या जागी लावलं.

रविवार

सकाळी लोइस आम्हाला प्रार्थनेला घेऊन गेली. साधी खोली, लाकडी बाकं, मूर्ती नाही, चित्र नाही, धूप नाही. लहान मुलं मागे बिस्किटं खात होती आणि कुणी त्यांच्यावर डोळे वटारत नव्हतं, हे मला आवडलं. मध्येच काही मुलगे पावाच्या तुकड्यांचा ट्रे घेऊन आले, मग इवल्या इवल्या कपांत पाणी. नको म्हणावं तर उद्धटपणा, म्हणून मी कप उचलला, पाणी उजव्या तळहातावर घेतलं, प्याले, आणि उरलेला ओला हात सवयीने डोळ्यांना नि डोक्याला लावला. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. निखिल कुजबुजला, "आई, तीर्थ नाहीये हे." लोइस पलीकडून म्हणाली, "राहू दे. त्यानेही पहिल्यांदा असंच केलं होतं."

दुपारच्या जेवणानंतर तिने तो प्रश्न विचारला. निखिल भांडी पुसत होता. लोइसने नवऱ्याचा फोटो माझ्यापुढे ठेवला. रे त्याचं नाव, मेंढ्या पाळायचा, तीन वर्षांपूर्वी गेला. शरद आणि तो रोज संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून वाद घालायचे.

ती सावकाश, माझ्यासाठी सोपं करून बोलत होती. त्यांच्यात असं आहे, की मेलेल्या माणसासाठीही बाप्तिस्मा घेता येतो. जिवंत माणूस त्याच्या नावाने देवळात पाण्यात उतरतो. मग वर कुटुंबं आणि सोबती एकत्र राहतात, कायमचे. पण नुकत्याच गेलेल्या माणसासाठी हे करायचं तर त्याच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाने हो म्हणावं लागतं.

"आणि ती तू," लोइस म्हणाली.

मी रेचा फोटो सरळ करून ठेवला.

"मी त्याला जिवंतपणी विचारलं होतं, ताई. रे गेला त्या वर्षी. तुझं आम्ही करू का, म्हटलं. तो नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, ताईला विचारून सांगतो."

निखिलने भांडं पुसायचं थांबवलं. त्याला त्या वाक्यातली खोच कळली नव्हती, पण माझा चेहरा त्याने बघितला असणार.

हे वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे. शरदची सायकल कुणी मागितली, त्याला द्यायची नसली, की तो म्हणायचा, "ताईला विचारून सांगतो." गणपतीच्या नाटकात काम करशील का, ताईला विचारून सांगतो. मुलगी बघायला येतोस का, ताईला विचारून सांगतो. मग लोक माझ्याकडे यायचे आणि नाही म्हणायचं काम मी करायचे. गल्लीत मी खडूस ठरले आणि शरद सगळ्यांचा लाडका. त्याने आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हटलं नाही. लोइसला वाटत होतं की त्याने दार उघडं ठेवलंय. तो काय म्हणाला होता हे त्या घरात फक्त मला कळलं होतं.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

शरदच्या घरी परत आल्यावर निखिल म्हणाला, "आई, हो म्हणून टाक ना. आपण ते मानतच नाही, तर काय फरक पडतो? त्यांना बरं वाटेल. मामाचं सगळं त्यांनीच मॅनेज केलं यार, मी तर फक्त पोचलो."

"काही फरक पडत नाही म्हणतोस, मग मार्चमध्ये मी त्याचं वर्षश्राद्ध कशाला करू?"

"ते वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

 ते मलाही सांगता आलं नसतं.

सोमवार

कॉलेजातली खोली आवरायला शरदची सहकारी हॅना आली होती. चाळिशीची, उंच, भरभर बोलणारी. पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची ठरली होती. ती खोक्यांत भरताना हॅनाने सांगितलं की शरदची जागा आता भरणार नाहीत. धर्माचा इतिहास शिकायला पुरेशी मुलं येत नाहीत म्हणे. तिची स्वतःची नोकरीही वर्षाच्या बोलीवर होती. एवढा जन्म घालवून माणसाने एक खुर्ची तयार करावी आणि तो उठल्यावर खुर्चीच उचलून न्यावी, याचं मला फार वाईट वाटलं. आमच्या शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झाले तेव्हा निदान दुसऱ्या दिवशी तिथे कुणीतरी उभं होतं.

"ते पहिल्या तासाला काय सांगायचे ठाऊक आहे?" हॅना म्हणाली. "मुलं विचारायची, तुम्ही आमच्यातले आहात का? ते म्हणायचे, नाही. मग आमच्या विरुद्ध आहात का? तेही नाही. मग कोण आहात? तर म्हणायचे, शेजारी."

ती स्वतः त्या पंथात वाढलेली. काही वर्षांपूर्वी ती बाहेर पडली आणि तिच्या आईने तिच्याशी बोलणं टाकलं. "तेव्हा मी या खुर्चीवर बसून रडले," ती म्हणाली. "आणि पुढच्या आठवड्यात माझी आई याच खुर्चीवर बसून रडली. त्यांनी आम्हाला एकमेकींचं काही सांगितलं नाही. दोघींना फक्त चहा विचारला. आई घेणार नव्हती, हे माहीत असूनही."

मी तिला लोइसच्या प्रश्नाबद्दल काही बोलले नाही. पण मला समजलं ते समजलं. शरद त्या पंथाच्या आत गेला असता तर हॅनासारख्यांनी कुठे जायचं? आणि तो गेल्यावर मागून त्याला आत नेलं, तरी ज्यांना कळेल त्यांना काय वाटेल?

दुपारी लोइस मला टेकडीवर घेऊन गेली. सोमवारी देऊळ बंद असतं. एरवीही आत जायला फक्त त्यांच्यातल्यांनाच परवानगी, आणि त्यांतही सगळ्यांना नाही. आपल्याकडे गाभाऱ्याचं असतं तसं म्हणावं, तर इथे सभामंडपसुद्धा गाभाराच. जन्मभर याच लोकांचा अभ्यास करून शरद एकदाच असं देऊळ आतून बघू शकला होता; शेजारच्या जिल्ह्यात नवीन बांधलं तेव्हा, पूजाविधी सुरू होण्यापूर्वी, सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं म्हणून.

बागेत एक दगडी बाक होता. लोइस म्हणाली, "माझ्या मुलीचं लग्न आत लागलं. बाहेरच्यांना येता येत नाही. तो इथे बसला होता, नव्या सुटात, मांडीवर आहेर घेऊन. आम्ही बाहेर आलो तेव्हा सगळ्यात आधी उठून त्याने टाळ्या वाजवल्या. नंतर माझ्या मुलाच्या लग्नातही इथेच."

मी त्या बाकावर बसले. खाली पिवळी पडलेली झाडं, त्यापलीकडे शरदचं छप्पर. माझा भाऊ इथे एकटा आहेर घेऊन बसायचा, हे मला सांगलीत कुणी सांगितलं नव्हतं. फोनवर तो एवढंच म्हणायचा, "काल एका लग्नाला गेलो होतो."

"मला त्याला अजून बाहेर बसवायचं नाही, ताई," लोइस म्हणाली.  "रे आत आहे. मीही लवकरच जाईन. आणि तो इथेच?"

तिच्याकडे बघून नाही म्हणणं मला जमेना, म्हणून मी छपराकडे बघून बोलले. "नाही, लोइस. माझी परवानगी नाही."

 लोइस म्हणाली, "आम्ही कुणावर लादत नाही. आम्ही फक्त दार उघडतो. तिकडे त्याला कळवतात, आणि नको असेल तर तो नाही म्हणू शकतो."

"तेच तर," मी म्हटलं. "त्याला नाही म्हणता येत नाही. कुणाच्याच तोंडावर येत नव्हतं, आणि तुझ्या तर नाहीच नाही. तू दार उघडलंस तर तो तुझं मन मोडू नये म्हणून आत येईल, आणि मग तिथे काय करेल? ताईला विचारून सांगतो म्हणजे काय, हे तुला ठाऊक नव्हतं. मला आहे. नाही म्हणायचं काम तो मला लावतो. लहानपणापासून."

लोइस रडत होती, आणि रडता रडता हसली. "कुंपणाची नवी तार घालू या का, असं रेने विचारलं होतं तेव्हाही तो हेच म्हणाला होता. दोन वर्षं आम्ही तुझ्या उत्तराची वाट बघितली."

मग मीही हसले. पण बरोबर केलं असं काही मला वाटत नव्हतं. त्याला बाहेर बसायला आवडायचं, की बसावं लागायचं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी त्याने हसून विषय बदलला असता.

तिला काहीतरी द्यावं असं मला फार वाटलं. म्हटलं, "मार्चमध्ये मी त्याचं श्राद्ध करीन. आमच्यात तीळ घालून पाणी देतात, पूर्वजांना. मित्रांचंही नाव घेता येतं. रेचं घेऊ का?"

लोइसने डोळे पुसले. देवळाकडे बघितलं. मग माझ्या हातावर हात ठेवून, अगदी प्रेमाने, शरदच्याच हेलात म्हणाली, "रेला विचारून सांगते."

मी मान हलवली. त्यानंतर आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत त्या बाकावर बसून होतो.

परतताना

मंगळवारी शरदच्या आवरलेल्या घराच्या किल्ल्या लोइसच्या हातात दिल्या. माझ्या पिशवीत शरदचा एक स्वेटर, त्याची दोन पुस्तकं आणि आईचा फोटो एवढंच होतं. चहाचा डबा ती मला देईल असं मला वाटलं होतं, म्हणजे तिच्या घरात आता तो कोण पिणार. पण तिने तो पुन्हा स्टुलावर चढून वरच्या कपाटात ठेवला. आमच्यासाठी मात्र थर्मास भरून दिला, वाटेत प्यायला. गाडी वळली तेव्हा ती कुंपणाशी उभी होती. तार जुनीच होती.

पेजला धरणाजवळ आम्ही परत थांबलो. निखिलने कपांत चहा ओतला. रंग अगदी कुंडीसारखा.

"मस्त आहे ना?" तो म्हणाला.

मी एक घोट घेतला. "आलं जास्त झालंय."

"हो, थोडं. फोन करून सांगू का त्यांना?"

"नको," मी म्हटलं.

शरद होता तेव्हा तो पहिला घोट घेऊन तिला सांगत असेल, आज आलं जास्त, आज पत्ती कमी, आणि ती दुसऱ्या दिवशी सुधारत असेल. तिला स्वतःला ते कधी कळायचं नाही. आता तिला सांगणारं कुणी नाही.

आम्ही तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.